बंदूक कोणाची, ससा कोणाचा? शिकारी वेषातलं आत्मचित्र वाचायची रीत

चित्रकाराने स्वतःलाच शिकारी म्हणून रंगवलं असेल, तर त्या चित्रात शिकारीची हकिकत शोधत बसू नये. शोधायचं ते वेगळंच. समोर मांडलेल्यातली कुठली वस्तू या माणसाची स्वतःची, कुठली त्याच्या धन्याची, आणि कुठली जवळ बाळगायची त्याला मुळात परवानगी तरी होती का? युरोपात शिकार हा बराच काळ हौसेचा नव्हे, हक्काचा मामला होता. त्यामुळे हातात बंदूक, पायाशी ससा आणि बाजूला कुत्रा असं स्वतःला दाखवणं म्हणजे आपण कोणत्या पंगतीत बसतो हे जाहीर करणं.

ही रीत कलामहाविद्यालयातल्या मुलांसाठी आणि चित्रकला शिक्षकांसाठी आहे. देशमुखी वाड्यांच्या दिवाणखान्यात निजामी काळातले शिकारीचे फोटो अजून लटकलेले असतात. ते ज्यांच्या घरी आहेत त्यांनाही ती लागू पडते. सरावाला एकच चित्र घ्या: फ्रेंच चित्रकार आलेक्झांद्र-फ्रांस्वा देपोर्तचं १६९९ सालचं शिकारी वेषातलं आत्मचित्र. मूळ चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. झाडाखाली बसलेला देपोर्त, हाताशी बंदूक, भोवती कुत्रे, मारलेली शिकार आणि मागे मोकळा मुलूख असं ते आहे.

प्रत आणि मोजणी

मोबाइलवर बघून हे काम होत नाही. गडद भाग पडद्यावर एकसारखे काळे दिसतात, आणि अशा चित्रात निम्मा ऐवज सावलीतच असतो. लूव्रच्या संग्रहाच्या संकेतस्थळावरून मोठी प्रतिमा घ्या आणि मॅट कागदावर छापा. चकचकीत कागदावर ट्यूबलाइट चमकते आणि नेमकी कुत्र्याची पाठ किंवा बंदुकीची नळी झाकली जाते. फ्लेक्सवाल्याकडे गेलात तर रंग 'उठावदार' करू नकोस असं आधीच बजावा. तो करतोच, आणि मग सावल्यांत निळसर झाक येते.

मूळ चित्र साधारण १९७ × १६३ सेंमी आहे. ए-३ कागदावर ते एकास सहा प्रमाणात नीट बसतं: ३२.८ × २७.२ सेंमी. कागदात बसवण्यासाठी कडा कापू द्यायच्या नाहीत. हे प्रमाण ठेवलं की प्रतीवरचा एक सेंमी म्हणजे मुळातले सहा. आता टाळूपासून हनुवटीपर्यंत डोकं मोजा. साडेतीन ते चार सेंमी भरलं तर माणूस जवळजवळ खऱ्या मापाचा रंगवलेला आहे. संग्रहालयात उभ्या माणसाला तो समोर बसल्यासारखा भेटतो. पुस्तकातल्या तळहाताएवढ्या छपाईत हा रुबाब पार हरवतो, म्हणून ही मोजणी टाळू नये.

नंतर प्रतीवर ट्रेसिंग पेपर लावून तीन-तीन सेंमीची चौकट आखा. उभ्यात सुमारे अकरा आणि आडव्यात नऊ घरं येतात. माणसाला किती घरं, जनावरांना किती, मुलखाला किती हे मोजून वहीच्या कोपऱ्यात लिहा. नुसत्या नजरेवर भरवसा ठेवला तर चेहऱ्याला आपण नेहमीच जास्त जागा देतो. दुसऱ्या ट्रेसिंगवर फक्त रेषा काढा: बंदुकीची नळी कुठे जाते, माणूस कुठे बघतो, प्रत्येक कुत्रा कुठे बघतो. शेवटी प्रतीची काळी-पांढरी झेरॉक्स काढून सर्वांत उजळ तीन जागांना गोल करा. उजेड चेहऱ्यावर आहे, हातावर आहे की मेलेल्या जनावराच्या पोटावर, हे रंगीत प्रतीत चटकन कळत नाही.

कोटाच्या रंगावरून काही ठरवायचं मात्र टाळा. जुनं वार्निश पिवळं पडतं आणि निळ्याचं हिरवं करून दाखवतं.

तीन रकाने

वहीचं आडवं पान घ्या आणि तीन रकाने करा: वस्तू, कोणाची, कोणाला मुभा. दिसणारी प्रत्येक वस्तू पहिल्या रकान्यात टाका. गळपट्टासुद्धा सोडू नका. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातच खरी मेहनत आहे, कारण त्यासाठी चित्राबाहेरची माहिती लागते.

बंदुकीपासून सुरू करू. १६६९ सालच्या जंगल-पाण्याच्या राजआज्ञेने फ्रान्समध्ये जहागीर नसलेल्या सामान्य माणसाला शिकारीची बंदी होती. हा विशेषाधिकार ऑगस्ट १७८९ मध्ये, क्रांतीच्या पहिल्याच उन्हाळ्यात गेला. देपोर्त १६६१ साली शांपान्य प्रांतातल्या एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मला. म्हणजे बंदुकीसमोर तिसऱ्या रकान्यात 'जहागीरदार' लिहावं लागतं आणि चित्रातला माणूस तर कुणब्याचा पोर. ही फट सापडली की चित्र बोलायला लागतं.

आता शिकार बघा. ससा आणि पक्षी, म्हणजे लहान शिकार, बंदुकीने पाडायची. सांबरासारखं मोठं शिंगाळं हरिण किंवा रानडुक्कर नाही. घोडे आणि कुत्र्यांचे कळप घेऊन अशा हरणाचा पाठलाग करणं ही राजाची आणि बड्या सरदारांची गोष्ट होती. देपोर्तने तिथवर हात घातलेला नाही. दावा आहे, पण पायरी ओळखून केलेला. विद्यार्थी इथे हमखास चुकतात. 'शिकार दाखवली म्हणजे स्वतःला राजा समजतो' असं लिहून मोकळे होतात. जनावर कोणतं, हे न बघता हुद्दा ठरवता येत नाही.

कुत्र्यांबाबत दुसरी चूक ठरलेली आहे: 'कुत्रा म्हणजे निष्ठेचं प्रतीक.' हे वाक्य एकदा लिहिलं की पुढे बघणं थांबतं. त्याऐवजी जात विचारा. हुंगून पक्षी दाखवणारा की धावून ससा धरणारा? लांब पायाचा, आत गेलेल्या पोटाचा असेल तर तो धावणारा. लातूरकडचे कारवान किंवा पश्मी ज्यांनी जवळून पाहिलेत त्यांना ही बांधणी चित्रात लगेच ओळखू येईल. असे कुत्रे पोसायला खर्च, त्यांच्यामागे माणूस आणि त्यांना पळवायला रान लागतं. गळ्यात पट्टा आहे का, असल्यास त्यावर काही खूण आहे का, तेही टिपा. पट्टा म्हणजे कुत्रा कुणाच्या तरी नावावर आहे. आपल्याकडे घोडा, तलवार आणि शेजारी धावणारा कुत्रा दिसला की टाकावरचा खंडोबा आठवतो. माळेगावच्या यात्रेला जाणाऱ्याला तर आठवणारच. वर्गात हे कुणी बोललं तर दडपू नये, फक्त ते वेगळ्या पानावर लिहावं. बघणारा कुठून आलाय त्याचाही चित्राच्या अर्थात वाटा असतो, पण तो देपोर्तच्या खात्यावर टाकायचा नाही.

आणि काय नाही? कुंचला नाही, रंगपट्टी नाही, चित्र टेकवायची घोडी (इझल) नाही. चित्रकाराच्या आत्मचित्रात चित्रकारीची अवजारंच गायब आहेत. याची नोंद पहिल्याच रकान्यात, 'नसलेल्या वस्तू' म्हणून करायची.

हात, घोडा आणि बटणं

हात बघताना विचारायचं: हे हात काय करून आलेत? माती, रक्त, ओरखडे आहेत का? शिकारीत घाण काम बरंच असतं. हाका घालणं, मेलेलं उचलून आणणं, आतडी काढणं. ते कोणी केलं? चित्रात नोकर नसेल आणि हात स्वच्छ असतील, तर ते काम करणारा माणूस चौकटीबाहेर ठेवलाय. तो बाहेर ठेवणं हासुद्धा रुबाबाचाच भाग.

मग आरशाची परीक्षा. स्वतःचं चित्र आरशात बघून काढतात, त्यामुळे डावं-उजवं उलटायचा धोका असतो. चकमकी बंदुकीचा घोडा, म्हणजे गारगोटी धरणारा भाग, सर्वसाधारणपणे उजव्या अंगाला असतो. दस्ता मनातल्या मनात आपल्या खांद्याला लावा, नळी पुढे आणि चाप खाली. घोडा उजवीकडे आला तर बंदूक सरळ आहे. पुरुषाच्या कोटाची बटणं त्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे समोरून बघताना आपल्या डावीकडे हवीत. दोन्ही उलट निघाले तर आधी छपाईवर संशय घ्या, कारण इंटरनेटवर उलट्या प्रतिमा भरपूर फिरतात. संग्रहालयाच्या प्रतीशी ताडून पाहा. दोन्ही सरळ असतील तर चित्रकाराने आरसा नंतर दुरुस्त केलाय. मोठ्या चित्रांत चेहरा तेवढा आरशातून घेत आणि कपडे लाकडी पुतळ्याला घालून रंगवत, हे तर नेहमीचंच.

दख्खनी आणि मुघल लघुचित्रांत ही परीक्षा आणखी महाग पडते. तिथे जामा डाव्या काखेत बांधलाय की उजव्या, यावरून अनुक्रमे हिंदू की मुसलमान हे ओळखायची रीत आहे. प्रतिमा उलटी छापली गेली तर माणसाचा धर्मच बदलतो, आणि पुढचं सगळं विवेचन चुलीत.

तारखा लावा

ओळख तारखांच्या क्रमात दिसते, म्हणून एक आडवी रेघ ओढून खुणा करा. १६९५-९६ मध्ये देपोर्त पोलंडच्या दरबारात व्यक्तिचित्रं काढत होता. १६९९ मध्ये त्याला पॅरिसच्या शाही कला अकादमीत प्राण्यांचा चित्रकार म्हणून घेतलं गेलं. आपलं हे चित्र त्या प्रवेशासाठीच सादर केलेलं. १७०२ मध्ये मार्लीच्या महालासाठी त्याने चौदाव्या लुईच्या लाडक्या कुत्र्या रंगवल्या. बोन, नोन आणि पोन ही त्यांची नावंसुद्धा चित्रात लिहिलेली आहेत. पुढे राजाच्या शिकारीत तो वही घेऊन मागे जायचा आणि जागेवर टिपणं करायचा.

क्रम लक्षात घ्या. शिकारी बाणा १६९९ चा आणि मार्लीच्या कुत्र्या त्यानंतरच्या. नोकरी मिळाल्यावर काढलेलं हे स्मरणचित्र नव्हे, अर्जासोबत जोडलेला नमुना आहे. अकादमीच्या उतरंडीत इतिहास-पुराणातले प्रसंग सर्वांत वर, मग माणसांची चित्रं, आणि प्राणी व निर्जीव वस्तू तळाशी. देपोर्तने एकाच कापडावर माणूस, जिवंत जनावर, मेलेलं जनावर आणि निसर्ग असं चारही दाखवलं. 'तुम्ही मला प्राणीवाला म्हणून घ्या, पण मला माणूसही काढता येतो' हे एवढ्या सभ्यपणे क्वचितच कुणी सांगितलं असेल. म्हणूनच कुंचला दाखवायची त्याला गरज पडली नाही. अख्खं चित्रच हस्तकौशल्याचा पुरावा आहे.

शेजारी ठेवायची चित्रं

एका चित्रावरून नियम काढू नये. डच चित्रकार रेम्ब्रांटने १६३९ साली स्वतःला मेलेल्या बिटर्नसह रंगवलं. बिटर्न हा बगळ्याच्या कुळातला पक्षी. चित्र जर्मनीत ड्रेस्डेनला आहे. त्यात उजेड पक्ष्याच्या पिसांवर आणि चेहरा मागे सावलीत आहे. झेरॉक्सवरच्या गोलांची कसरत इथे सर्वांत चांगली जमते. पिठाच्या चक्कीवाल्याचा हा मुलगा, आणि त्याच वर्षी त्याने अॅम्स्टरडॅममध्ये १३,००० गिल्डरचं घर घेतलं. १६५६ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. पण ते चित्राच्या अर्थात घुसडायचं नाही. १६३९ मध्ये ते कुणालाच माहीत नव्हतं.

फ्रेंच चित्रकार कुर्बेचं १८५७ सालच्या सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारी कलाप्रदर्शनात, मांडलेलं शिकारीचं चित्र आज बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. एका पायाने टांगलेलं हरिण, दोन कुत्रे, शिंग फुंकणारा नोकर, आणि झाडाला टेकून हाताची घडी घातलेला, सावलीतला शिकारी. तो कुर्बे स्वतः. १८४४ च्या कायद्याने तोवर पैसे भरून शिकारीचा परवाना मिळत होता. त्यामुळे तिसऱ्या रकान्यात 'जहागीरदार' लिहून चालणार नाही, 'परवाना आणि रिकामा वेळ असलेला' लिहा. हे कापड तुकडे शिवून वाढवत नेलेलं आहे, म्हणून इथे घरं मोजताना कोण आधी आलं आणि कोण मागाहून, हेही विचारावं.

आपल्या मातीशी थेट भिडणारं उदाहरण हवं तर अबुल हसनने सुमारे १६१६ मध्ये जहांगीरसाठी काढलेलं चित्र बघा. ते डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. पृथ्वीगोलावर उभा जहांगीर भाल्यावर खोचलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतोय. हे चित्रकाराचं आत्मचित्र नव्हे, पण बादशहाने स्वतःबद्दल सांगून घेतलेलं चित्र नक्कीच आहे. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही. १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवणारा अंबर १६२६ मध्ये आपल्या मरणाने गेला आणि खुलताबादेत त्याची कबर आहे. शिकारीच्या चित्राला पुरावा समजण्यातला धोका यापेक्षा स्वच्छ दिसणार नाही.

अजिंठ्याला लेणे क्रमांक १७ मध्ये सुतसोम जातकात घोडे-कुत्र्यांसह शिकारीला निघालेला राजा आहे. सामग्री तीच, पण अर्थ उलटा. इथे शिकारीपासून अधःपाताची कथा सुरू होते. फ्लॅश चालत नाही आणि उजेड मंद असतो, म्हणून डोळे सरावेपर्यंत पाच मिनिटं नुसतं थांबा. सोमवारी लेणी बंद असतात.

वाड्यातल्या फोटोंना हीच रीत

तीन रकाने तसेच ठेवा. बंदूक ठासणीची की काडतुसाची, बोट चापावर की दस्त्यावर, पाय जनावरावर ठेवलाय का, हाकारे कुठल्या ओळीत आणि त्यांची नावं पाठीमागे लिहिली आहेत की फक्त मालकाचं. मागे स्टुडिओचा पडदा असेल तर बंदूक स्टुडिओचीही असू शकते. पकड सैल आणि दस्ता अधांतरी दिसला की संशय घ्या. हाताने रंगवलेल्या फोटोत मूळ काय आणि कुंचल्याचं काय, ते तिरप्या उजेडात कळतं. फोटो चौकटीतून काढायला जाऊ नका. काचेला चिकटलेला असेल तर पापुद्रा निघून येतो. थोड्या कोनातून, काळं कापड समोर धरून फोटो घेतला तर काचेवरची चमक टळते.

स्वतःचं काढायचं तर

वाचलेलं पक्कं व्हायला एक चित्र काढावंच. ६० × ५० सेंमीचं कापड घ्या. देपोर्तच्या चित्राचं प्रमाण जवळपास तेच. आरसा निदान अडीच फूट उंचीचा हवा. आरशात दिसणारी आकृती काचेवर मोजली तर बरोबर निम्मी भरते, म्हणून काचेवरून माप उचललं तर दुप्पट करूनच पुढचं प्रमाण लावा. उजेड उत्तरेच्या खिडकीचा घ्या. एप्रिल-मेमध्ये अॅक्रिलिक पॅलेटवरच वाळतं. एकतर वाळणं लांबवणारं माध्यम मिसळा किंवा तैलरंग वापरा, पण मग फुफाट्यापासून कापड झाका.

शिकार मांडायची कशी? रानातला ससा, तितर, हरिण हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. नमुन्यासाठी विकत घेणंसुद्धा गुन्हा आहे. घरात जुनं शिंग असेल तर त्याची नोंद आहे का ते आधी पाहा. पिसांचा सराव हवा असेल तर खाटकाकडून न सोललेला गावरान कोंबडा आणा आणि एका पायाने टांगा. वजनाने एक पंख उघडतो, मान लांबते. पहिल्या अर्ध्या तासात हे मोठे आकार पकडा, पिसं नंतर. हे काम थंडीत, सकाळी करायचं. उन्हाळ्यात दोन तासांत वास आणि माश्या सुरू होतात. ते नको असेल तर ज्वारीच्या कणसांची पेंढी उलटी टांगा. भाराने ओळंबणारा आकार तिथेही मिळतो आणि आठवडाभर टिकतो.

कुत्रा बसून राहणार नाही, फोटोवरूनच काढावा लागेल. फोटो कुत्र्याच्या डोळ्याच्या उंचीवरून घ्या. उभ्याने घेतला तर कुत्रा वरून आणि तुम्ही समोरून असे दोन वेगळे मुलूख एका चित्रात येतात. कारवानची खांद्याची उंची ६५ ते ७० सेंमी असते, खुर्चीची बैठक ४५ च्या आसपास. म्हणजे बसलेल्या माणसाच्या शेजारी कुत्र्याचा खांदा बैठकीच्या वीत-सव्वा वीत वर यायला हवा. त्याहून खाली आला तर ते पिल्लू दिसतं.

बंदुकीच्या जागी काय धरायचं, यावरच चित्र उभं राहतं. जायकवाडीच्या पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात जे चाललेलं असतं ते बघा: ठिपक्याठिपक्यांचे कपडे, मांडीवर हातभर लांब लेन्स, आणि मग तो पक्ष्यासकट टाकलेला स्वतःचा फोटो. आजचं शिकारी आत्मचित्र ते हेच, फक्त पक्षी जिवंत उडून जातो. लेन्स धरा, गोफण धरा, काठी धरा. पण रकान्यांत आधी लिहा: ती तुमची आहे, उसनी आहे, की परवडत नसताना हप्त्यावर घेतलेली.

चित्र पूर्ण झालं की तुम्हाला न ओळखणाऱ्या तिघांना दाखवा आणि एकच विचारा: 'हा माणूस काय काम करतो?' तिघांची उत्तरं तीन आली तर वस्तू जास्त झाल्यात, एखादी पुसा. तिघंही एकच आणि चुकीचं सांगत असतील तर हात आणि कपडे पुन्हा बघा. गोंधळ बहुतेक वेळा तिथेच असतो, चेहऱ्यात क्वचितच.